चेहऱ्याकडे पुरावा मागू नका

पारलिंगी व्यक्तींच्या हार्मोन उपचारांचा विषय निघाला की दोन छायाचित्रे पुढे येतात. एक 'आधी'चे, एक 'नंतर'चे. कौतुक करणारा म्हणतो, 'अजिबात ओळखू येत नाही.' नाक मुरडणारा म्हणतो, 'कितीही केले तरी कळतेच.' वरवर पाहता दोघे विरुद्ध बाजूंनी बोलतात, पण त्यांच्या हातातली फूटपट्टी एकच असते. चेहरा बदलला तर उपचार यशस्वी आणि माणूस खरा. नाही बदलला तर उपचार वाया आणि माणूस बनावट. ही फूटपट्टीच उथळ आहे, अशी माझी खात्री आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हार्मोनांनी चेहरा बदलतो, पण कुठे, किती आणि केव्हा बदलतो याला शरीराने आखलेल्या मर्यादा आहेत. त्या मर्यादांच्या आत होणारा बदल मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका लहान असतो. तरीही तो माणसाचे रोजचे जगणे पालटून टाकू शकतो, कारण चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवण्याचे निम्मे काम पाहणाऱ्याची नजर करत असते. म्हणून चेहऱ्याला उपचाराच्या यशाचा, माणसाच्या खरेपणाचा किंवा कागदोपत्री ओळखीचा पुरावा मानणे वैद्यकीयदृष्ट्या चूक, सामाजिकदृष्ट्या अन्यायाचे आणि व्यवहारात धोक्याचे आहे. आधी शरीर, मग नजर, मग परिणाम, आणि शेवटी आक्षेप व उपाय, या क्रमाने मी ते मांडतो.

१. हार्मोन चेहऱ्यात नेमके काय करतात

चेहरा हा एकच एक अवयव नाही. कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायू, केस आणि या सर्वांना आधार देणारे हाड असे त्याचे थर आहेत. प्रत्येक थर हार्मोनांना आपापल्या पद्धतीने प्रतिसाद देतो, आणि एक थर तर जवळपास देतच नाही. 'चेहरा बदलला का?' हा प्रश्न मुळातच ढोबळ आहे. कुठला थर, हे आधी विचारायला हवे.

१.१ कातडी आणि चरबी

ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष ठरवलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला, सहसा एस्ट्राडिओल हे एस्ट्रोजेन आणि जोडीला टेस्टोस्टेरॉन दाबणारे औषध दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोन आणि सायप्रोटेरॉन ही त्यातली नेहमीची नावे. टेस्टोस्टेरॉन खाली आले की त्वचेतल्या तेलग्रंथी मंदावतात. तीन ते सहा महिन्यांत तेलकटपणा घटतो, त्वचा हाताला मऊ लागते. त्याच सुमारास चरबीची मांडणी बदलू लागते आणि गालांचा वरचा भाग थोडा भरतो. पण ही मांडणी पूर्ण व्हायला दोन ते पाच वर्षे जातात.

ट्रान्स पुरुषाचा प्रवास उलट्या दिशेचा असतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल सुरू झाले की पहिल्या काही महिन्यांत चेहरा तेलकट होतो, कपाळ, हनुवटी आणि पाठीवर मुरुमे उठतात. तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला नववी-दहावीतल्या मुलासारखी मुरुमे येतात आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागते. मग गालांवरची चरबी उतरते आणि खालचा चेहरा रुंद भासू लागतो.

१.२ केस

केसांच्या बाबतीत शरीर दोन्ही दिशांना सारखा न्याय करत नाही. दाढीच्या जागची मऊ लव जाड, काळ्या, खोल मुळाच्या केसात बदलायला टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन लागते. एकदा तो केस तसा झाला की टेस्टोस्टेरॉन काढून घेतल्याने त्याची पुन्हा लव होत नाही. एस्ट्रोजेनने दाढी हळू वाढते, थोडी विरळ होते, पण जात नाही. म्हणून ट्रान्स स्त्रीला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसचा वेगळा मार्ग धरावा लागतो. भारतीय सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित ठरतो, कारण त्याची ऊर्जा वरच्या थरातल्या रंगद्रव्यात कमी शोषली जाते. पिकलेल्या केसावर मात्र कुठलाच लेझर चालत नाही. तिथे सुईने एकेक मूळ जाळणे एवढाच उपाय उरतो.

ज्यांना हा खर्च परवडत नाही त्या चिमट्याने एकेक केस उपटतात. वर्षानुवर्षे उपटल्याने हनुवटीखाली काळे डाग पडतात, केस कातडीखालीच वळून वाढतात. गुळगुळीत दाढी केल्यावरही गालावर करडी-निळसर छाया उरते. ती झाकायला आधी नारिंगी लिपस्टिक बोटाने पसरायची आणि तिच्यावर फाउंडेशन लावायचे, ही युक्ती कित्येक ट्रान्स स्त्रिया रोज सकाळी वापरतात. 'हार्मोन घेतले की झाले' असे म्हणणाऱ्याने सकाळचा हा अर्धा तास आधी हिशेबात धरावा.

ट्रान्स पुरुषाच्या बाबतीत लव ओठांच्या कोपऱ्यांवर आणि कानशिलांपाशी आधी गडद होते. पूर्ण दाढी यायला चार-पाच वर्षे लागू शकतात, आणि ती किती दाट येणार हे औषधाच्या मात्रेपेक्षा घराण्यातल्या पुरुषांकडे पाहून अधिक कळते. वडिलांना, मामांना टक्कल असेल तर तेही वाट्याला येऊ शकते. दाढी आणि खोल झालेला आवाज, दोन्ही औषध थांबवल्यावरही राहतात.

१.३ हाड

वयात येताना टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली भुवयांवरचा हाडाचा कंगोरा पुढे येतो, जबड्याचा कोन रुंदावतो, हनुवटी उंच आणि चौकोनी होते. वाढ पूर्ण झाल्यावर एस्ट्रोजेन हे हाड मागे नेत नाही. प्रौढ वयात सुरू केलेले टेस्टोस्टेरॉनही नवा जबडा घडवत नाही. ट्रान्स पुरुषाचा जबडा भारदस्त दिसू लागतो तो मऊ ऊतींच्या फेरमांडणीमुळे आणि दाढीमुळे.

या मर्यादेतूनच एक स्वतंत्र शस्त्रक्रिया जन्माला आली. १९८२च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या डग्लस ऑस्टरहाउट या कवटी आणि चेहऱ्याच्या शल्यविशारदाकडे एका सहकाऱ्याने ट्रान्स स्त्री रुग्ण पाठवली. लिंगबदलाची शस्त्रक्रिया होऊनही लोक तिला पुरुषच समजत होते. ऑस्टरहाउट यांनी दंतवैद्यक महाविद्यालयाच्या संग्रहातल्या कवट्यांचा अभ्यास केला, स्त्री-पुरुषांच्या कपाळातले आणि जबड्यातले फरक मोजले आणि त्यावरून भुवयांवरचा कंगोरा मागे घेण्याची, हनुवटी लहान करण्याची पद्धत बसवली. हार्मोनांनी हाड बदलत असते तर हाड कापण्याची ही शाखा उभीच राहिली नसती.

१.४ काळ

निसर्गतः वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. हार्मोन उपचार म्हणजे त्याच संप्रेरकांनी दुसऱ्यांदा घडवलेला तसाच एक काळ असतो. तरीही लोक सहा महिन्यांत निकाल मागतात. 'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांत हा काळ दिसत नाही. त्यात नवी केशरचना, कोरलेल्या भुवया, कमी-जास्त झालेले वजन, प्रकाशाची दिशा आणि मुख्य म्हणजे चेहऱ्यावर आलेले हसू एवढे सगळे मिसळलेले असते. त्यातले हार्मोनांचे किती, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

२. मिलिमीटर आणि नजर

२.१ मोजलेला बदल किती असतो

आम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी उपचार सुरू होण्याआधी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने चेहऱ्यांची त्रिमितीय छायाचित्रे घेऊन बदल मोजला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ट्रान्स स्त्रियांच्या गालांवरची ऊती वर्षभरात सरासरी सुमारे एक मिलिमीटरने भरली आणि जबड्याकडची त्याहून थोडी कमी, पण उतरली. ट्रान्स पुरुषांमध्ये दिशा नेमकी उलटी होती. वर्षभर नियमाने औषध घेऊन, रक्ताच्या तपासण्या करून, मनाची तयारी करून गालावर पडलेली भर एवढीच.

इथे दोन घाईचे निष्कर्ष निघू शकतात. एक, 'एवढ्याशा बदलासाठी एवढा खटाटोप कशाला?' दुसरा, 'एकच मिलिमीटर कसा, आम्हांला तर फरक स्पष्ट दिसतो.' दोन्ही निष्कर्ष नजर कशी काम करते हे विसरतात.

२.२ नजर कशी वाचते

चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखण्यात माणूस विलक्षण तरबेज असतो. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत केस टोपीखाली झाकून, दाढी साफ करून, मेकअप न करता घेतलेल्या छायाचित्रांवरूनही लोकांनी सुमारे ९६ टक्के अचूक उत्तरे दिली. म्हणजे आपण एका खुणेवर अवलंबून नसतो. भुवया आणि डोळ्यांतले अंतर, नाकाचा उंचवटा, गालांची गोलाई, त्वचेचा पोत अशा अनेक लहान खुणांची बेरीज क्षणात होते आणि निर्णय बाहेर पडतो.

ती बेरीज किती हलकी असू शकते हे रिचर्ड रसेल यांनी २००९ साली दाखवले. त्यांनी धड स्त्रीचा नाही, धड पुरुषाचा नाही असा एक चेहरा घेतला. त्याची दोन चित्रे केली. एकात डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला उजेड-काळोखाचा फरक वाढवला, दुसऱ्यात कमी केला. आकारात तसूभरही बदल नव्हता. तरी पहिले चित्र स्त्रीचे आणि दुसरे पुरुषाचे वाटते. मेकअप हेच काम करतो.

या दोन प्रयोगांतून निघणारी गोष्ट माझ्या मांडणीचा कणा आहे. निर्णय जेव्हा अनेक बारीक खुणांच्या बेरजेवर होतो, तेव्हा काठावर असलेल्या चेहऱ्यात एक मिलिमीटरची भर, थोडी मऊ त्वचा, थोडी फिकी दाढी एवढ्यानेही निकाल फिरू शकतो. ज्याचा चेहरा काठापासून दूर आहे त्याच्यात तेवढाच जैविक बदल होऊनही पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. औषधाने दोघांच्या शरीरात आपले काम सारखेच केले. फरक पाहणाऱ्याच्या उंबरठ्याचा होता. त्या उंबरठ्यावरून उपचार फसला किंवा यशस्वी झाला असे ठरवणे म्हणजे पाहणाऱ्याच्या सवयीचा दोष रुग्णाच्या माथी मारणे होय.

मानववंशशास्त्रज्ञ एरिक प्लेमन्स यांनी चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांवरच्या २०१७च्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला आहे. रोजच्या जगात लिंग हे शरीराच्या झाकलेल्या भागावरून ठरत नाही; ते इतरांनी ओळखण्यातून आकाराला येते, आणि ती ओळख बहुतेक वेळा चेहऱ्यावर होते. मी त्यात एवढेच जोडेन की ओळखण्याची क्रिया ज्याची, तिची जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे.

३. चेहरा हाच पुरावा मानल्याचे परिणाम

३.१ दवाखान्यात: मात्रेची घाई

चेहऱ्यावर लवकर 'रिझल्ट' दिसावा या दडपणातून माणसे मात्रा वाढवतात. भारतात हार्मोन उपचार करणारे जाणकार एंडोक्रिनॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. त्यामुळे अनेक ट्रान्स स्त्रिया मैत्रिणींच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणतात आणि एकीच्या जागी तीन-चार घेतात. त्या गोळ्यांत सहसा एथिनिल एस्ट्राडिओल असते. पायातल्या शिरांत आणि फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका याच संयुगाने अधिक वाढतो, म्हणून पारलिंगी व्यक्तींच्या उपचारातून जाणकारांनी ते केव्हाच बाद केले. सायप्रोटेरॉन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात मेनिन्जिओमा ही गाठ होण्याचा धोका वाढतो, असा इशारा युरोपीय औषध संस्थेने २०२०मध्ये दिला आणि दिवसाला १० मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेवर निर्बंध सुचवले. ट्रान्स पुरुषाने टेस्टोस्टेरॉन जास्त घेतले तर रक्तातल्या लाल पेशी वाढून रक्त दाट होते.

आणि एवढे करून हाती काय लागते? मात्रा दुप्पट केल्याने गाल दुप्पट वेगाने भरतात असा पुरावा नाही. हाड तर कुठल्याच मात्रेला जुमानत नाही. चेहरा हीच कसोटी ठरवली की यकृत, रक्त, हाडांची घनता आणि मनःस्वास्थ्य या खऱ्या कसोट्या मागे पडतात, आणि त्याची किंमत रुग्ण आपल्या शरीराने मोजतो.

३.२ समाजात: दुहेरी शिक्षा

मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात चढलेल्या ट्रान्स स्त्रीचा निकाल पहिल्या नजरेत लागतो. चेहरा 'जमला' तर ती शांतपणे उभी राहते, नाही जमला तर कुजबुज सुरू होते. म्हणजे सार्वजनिक जागेतला तिचा वावर तिच्या जबड्याच्या हाडावर, उपचार कितव्या वर्षी मिळाले यावर आणि लेझरचा खर्च झेपला की नाही यावर अवलंबून राहतो. यात वर्ग दडलेला आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्या शस्त्रक्रियेने हाड बदलून घेतात. ज्यांच्याकडे नाही त्यांना 'खऱ्या नाहीत' असे ऐकावे लागते. शिवाय चेहरा जमलेल्यांवर उलटा आरोप तयार असतोच: 'यांनी फसवले.' ओळखू आले तर हसे आणि ओळखू आले नाही तर फसवणूक, अशी ही कसोटी कोणालाच उत्तीर्ण होऊ देत नाही.

३.३ यंत्रापुढे: जुळत नाही म्हणजे खोटा

आता नजर यंत्रालाही आली आहे. आधारच्या चेहरा-पडताळणीने पेन्शनचा हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१पासून झाली. चेहऱ्यावरून विमानप्रवाशांना प्रवेश देणारी डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर सुरू झाली आणि पुढे पुणे-मुंबईलाही आली. या व्यवस्था जुन्या छायाचित्राशी आजचा चेहरा जुळवतात. हार्मोन घेणाऱ्याचा चेहरा मात्र काही वर्षे सतत सरकत असतो, म्हणून एकदा नवे छायाचित्र काढून प्रश्न संपत नाही.

यंत्रांना हा बदल शिकवण्याचा प्रयत्न कसा झाला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतल्या कार्ल रिकानेक यांच्या गटाने ३८ पारलिंगी व्यक्तींच्या दहा हजारांहून अधिक प्रतिमांचा संच जमवला. त्या प्रतिमा यूट्यूबवर लोकांनी स्वतःच्या हार्मोन प्रवासाविषयी टाकलेल्या चित्रफितींतून घेतल्या होत्या. आपल्यासारख्याच इतर माणसांना धीर मिळावा म्हणून टाकलेल्या चित्रफिती ओळख पटवणाऱ्या यंत्रांचे खाद्य झाल्या आणि अनेकांना हे २०१७मध्ये बातम्या आल्यावरच कळले. त्या संशोधनातून निघालेला वैज्ञानिक मुद्दा रंजक आहे: हार्मोनांनी चेहरा बदलला तरी डोळ्यांभोवतीचा भाग त्यातल्या त्यात स्थिर राहतो. पण तो मिळवण्याची पद्धत माणसाच्या विश्वासावर घाव घालणारी होती.

लिंग ओळखू पाहणाऱ्या यंत्रांची गत आणखी वाईट. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेतल्या मॉर्गन शॉयरमन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये मोठ्या कंपन्यांच्या सेवा तपासल्या. पारलिंगी नसलेल्या स्त्रिया आणि पुरुष सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर ओळखले गेले. ट्रान्स पुरुषांना मात्र ३८ टक्क्यांपर्यंत वेळा स्त्री ठरवले गेले. स्वतःला दोन्हींपैकी कशातच न धरणाऱ्यांसाठी तर यंत्रात उत्तराचा रकानाच नव्हता, म्हणून ती प्रत्येक वेळी चुकली. माणसाच्या नजरेतली सवय यंत्रात ओतली की ती सवय राहत नाही, नियम होते, आणि नियमापुढे खिडकीवरचा कारकून हात वर करतो.

३.४ चेहऱ्याने सगळे सिद्ध करूनही

समजा एखाद्याचा चेहरा पूर्णपणे बदलला. मग तरी सुटका होते का? मायकेल डिलन यांचे आयुष्य याचे उत्तर देते. १९१५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या डिलन यांनी १९३९मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. दाढी आली, आवाज खोल झाला. ब्रिस्टलमधल्या गॅरेजमध्ये येणारी नवी माणसे त्यांना पुरुषच समजू लागली. सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शस्त्रक्रिया झाल्या, डब्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण झाले, जहाजावर डॉक्टर म्हणून ते जगभर फिरले. चेहऱ्याने त्यांचा कधीच घात केला नाही. घात केला तो इंग्लंडच्या सरदार घराण्यांच्या दोन वंशावळींनी. एकीत ते भाऊ म्हणून नोंदलेले होते, दुसरीत बहीण म्हणून. १९५८मध्ये वृत्तपत्रांनी ही विसंगती उघड केली आणि डिलन भारतात आले. बौद्ध झाले, सारनाथला राहिले, पण तिथेही भूतकाळ कळल्याने पूर्ण दीक्षेची वाट अडली. पुढे लडाखमधल्या रिझोंग मठात त्यांनी काही काळ काढला आणि १९६२मध्ये डलहौसी येथे, वयाच्या ४७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चेहऱ्याच्या कसोटीत डिलन यांच्याइतके उत्तीर्ण झालेले उदाहरण क्वचित सापडेल. तरी त्यांना देश सोडावा लागला. सुरक्षितता चेहऱ्यातून येत नाही, ती कायद्यातून आणि शेजाऱ्यांच्या वागण्यातून येते, हे यातून दिसते.

४. आक्षेप आणि उत्तरे

४.१ 'चेहरा बदलावा असे पारलिंगी व्यक्तींनाच वाटते ना?'

अनेकांना वाटते, आणि ती इच्छा पूर्णपणे रास्त आहे. आरशात स्वतःला ओळखता येणे ही लहानसहान गोष्ट नाही. माझा विरोध इच्छेला नाही, सक्तीला आहे. स्वतःसाठी हवा असलेला बदल आणि रस्त्यावर मार बसू नये म्हणून करावा लागणारा बदल यांत फरक आहे. समाजाने चेहऱ्याकडून पुरावा मागणे थांबवले तरी हार्मोन घेणारे घेतीलच, फक्त त्यांना घाई करावी लागणार नाही. आणि ज्यांना घ्यायचे नाहीत, किंवा हृदयाच्या, यकृताच्या आजारामुळे घेता येत नाहीत, त्यांना आपण कमी खरे आहोत असे वाटणार नाही.

४.२ 'सुरक्षेसाठी ओळख तर पटलीच पाहिजे.'

पटलीच पाहिजे. पण चेहरा हे त्याचे एकमेव साधन नाही. बोटांचे ठसे आणि बुबुळे हार्मोनांनी बदलत नाहीत, आणि ती आधारमध्ये आहेत. दाढी वाढवणारा, अपघातात जखमी झालेला, कर्करोगाच्या उपचारांनी सुजलेला, वीस किलो उतरलेला असा कोणीही यंत्राला जुळेनासा होतो. त्यांच्यासाठी पर्यायी रांग ठेवावी लागते तशीच इथेही ठेवावी. एक पडताळणी फसली तर दुसरी द्या, हा साधा नियम पुरेसा आहे.

४.३ 'हाड बदलत नसेल तर वयात येण्याआधीच उपचार का नाहीत?'

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर घाईने देता येणार नाही. एप्रिल २०२४मध्ये आलेल्या इंग्लंडच्या कॅस अहवालाने वयात येणे थांबवणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा कमकुवत ठरवला. अमेरिकेतल्या प्रमुख वैद्यकीय संघटनांनी आपली वेगळी भूमिका कायम ठेवली. हा वाद मुलांच्या दीर्घकालीन आरोग्याच्या पुराव्यांवर चालायला हवा. माझ्या मांडणीतून त्यात एवढीच भर पडते की 'पुढे चेहरा जमणार नाही' ही भीती त्या निर्णयावरचे दडपण होता कामा नये. ज्या समाजात कुठलाही चेहरा घेऊन निर्धास्त जगता येते, तिथे पालक, मूल आणि डॉक्टर शांतपणे विचार करू शकतात.

४.४ 'हा तर सौंदर्याचा प्रश्न, त्यावर सरकारी पैसा का?'

कारण कायद्याने आणि धोरणाने त्याला आरोग्याचा प्रश्न मानले आहे. २०१९च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्याच्या १५व्या कलमात हार्मोन उपचारांचा स्पष्ट उल्लेख आला. ऑगस्ट २०२२मध्ये आयुष्मान भारतच्या धर्तीवर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची योजना जाहीर झाली. शिवाय हिशेब मांडायचाच तर तो नीट मांडावा. चाचण्यांसह दिलेले योग्य मात्रेतले औषध आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी झालेल्या गुठळीवर अतिदक्षता विभागातला खर्च, यांत स्वस्त काय हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

५. मग करायचे काय

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत थरांचा तक्ता समोर ठेवावा: त्वचेला काही महिने, चरबीला काही वर्षे, दाढीला लेझर, हाडाला औषधच नाही. अपेक्षा खरी असली की मात्रा आपोआप ताब्यात राहते. जिल्हा रुग्णालयांत हार्मोन पातळी, यकृत आणि पोटॅशियमच्या चाचण्या सहज मिळाल्या तर अनेक दुर्घटना टळतील. चेहरा-पडताळणी राबवणाऱ्या प्रत्येक खात्याने 'जुळत नाही' या उत्तरानंतरची पायरी लेखी ठरवावी आणि ती खिडकीवर लावावी. संशोधकांनी कोणाच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी त्याची परवानगी घ्यावी.

सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यातल्या १५ एप्रिल २०१४च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदा ठरवले. ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेपकर्त्या होत्या. त्या निकालाचा गाभा चेहऱ्यालाही लागू होतो. शस्त्रक्रियेचा दाखला मागणे अनैतिक असेल, तर जबड्याचा, दाढीचा आणि गालाचा दाखला मागणेही तितकेच अनैतिक आहे.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून 'नक्की कोण?' हा प्रश्न मनात आला तर तो चेहऱ्याला विचारू नका. नाव विचारा, आणि ते जसे सांगितले जाईल तसे घ्या.